लाल वाइन आणि खरपूस कालवण

घरजावयाने सासरी दोन गोष्टी सांभाळाव्यात, असे जाणती माणसे सांगतात : सासऱ्यांचा शब्द आणि सासूबाईंच्या हातची चव. यांपैकी पहिली गोष्ट जावईबापूंनी एकदाच मोडली होती, आणि तिचा पुरावा घराच्या पूर्वेकडच्या उतारावर गुडघाभर तणासकट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसत असे. दुसरी मोडण्याची पाळी आपल्यावर येईल, असे मात्र त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते.

सासऱ्यांची वायनरी लहान, पण जुनी होती. तरुणपणी एका ओल्या हंगामात भुरीच्या रोगाने त्यांची सगळी बाग डोळ्यांदेखत पांढरी पडली होती. त्या दिवसापासून त्यांचा देवावर होता त्याहून अधिक विश्वास निळ्या फवारणी यंत्रावर बसला. "फवारल्याशिवाय द्राक्ष आणि दटावल्याशिवाय पोर हाताशी येत नाही," असे ते म्हणत. पोर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. घरात एकटीच असूनही तिला सगळे धाकटी म्हणत, आणि ती दटावून कधीच हाताशी आली नव्हती. तिने विद्यापीठात वाइनचे शास्त्र शिकलेला नवरा शोधला, तो घरी आणला, आणि वर बापाकडून पूर्वेचा उतार त्याला मागून घेतला.

जावईबापूंनी त्या उतारावर रसायनांचा थेंब पडू दिला नाही. तण हातांनी उपटायचे, खत कुजवून घालायचे आणि गोगलगायींसाठी बदके पाळायची, असा त्यांचा क्रम होता. बदकांनी गोगलगायी खाल्ल्या, हे खरे. पण त्या संपल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या कोबीकडे मोर्चा वळवला, हेही तितकेच खरे. उतारावर मर्लो, शिराझ आणि काबर्ने अशा तीन जातींच्या वेली जुन्या काळापासून शेजारी शेजारी होत्या. एकट्या जातीची वाइन काढण्याइतके पीक कुणाचेच येईना, तेव्हा जावईबापूंनी तिघींचे मिश्रण करायचे ठरवले.

"एकीलाही स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही," सासरे म्हणाले, "म्हणून तिघींना एकमेकींच्या गळ्यात बांधलंय. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात, जावईबापू?"

"ब्लेंड म्हणतात, बाबा."

"आम्ही गोळाबेरीज म्हणतो."

सासरे मनाने वाईट नव्हते. ते घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस चेष्टा फार करतो. पण शेवटी त्यांनी निकाल लावला. शहरातल्या नदीकाठच्या मोठ्या रेस्टॉरंटचा शेफ नव्या हंगामासाठी एक लाल वाइन शोधत होता. त्याला घरी जेवायला बोलवायचे. त्याने वाइन घेतली तर उतार जावईबापूंचा, आणि बदकांचाही. नाही घेतली तर पुढच्या फुटव्याला निळे यंत्र उतारावर चढेल, आणि त्यावर कुणी तोंड वाजवायचे नाही. जावईबापूंनी मान्य केले. मान्य करण्यावाचून घरजावयाला दुसरे काय येते?

त्यांना भीती वाटत नव्हती, कारण त्यांनी ही वाइन मोठ्या काळजीने जमवली होती. तळघरात आंबलेल्या रसाचा वास आणि कचेरीत डिझेलचा वास, म्हणून चाचणीसाठी त्यांनी जेवणघर निवडले होते. शिवाय त्यांचे तत्त्वच असे होते की, जी वाइन जेवणाबरोबर प्यायची ती जेवणाबरोबरच जमवावी. संपूर्ण हिवाळाभर दुपारच्या जेवणाला टेबलावर लहान लहान बाटल्या मांडल्या जात. सासरे, धाकटी आणि जावईबापू घास खात, घोट घेत आणि वाद घालीत. "अजून जरा काबर्ने चालेल," असा निर्णय बहुतेक वेळा होई, कारण काबर्नेचा जीभ आखडवणारा करकरीतपणा त्या टेबलावर कुणाला जाणवतच नसे. सासूबाई या वादात नसत. "चांगली द्राक्षं नासवायची आणि मग कुठलं नासणं बरं यावर भांडायचं," एवढेच त्या म्हणत. त्या सर्वांचे झाल्यावर स्वयंपाकघरातच, आपल्या पांढऱ्या वाडग्यातून जेवत.

जेवण रोज बहुतेक एकच असे : मसूर, भाजलेली वांगी, टोमॅटो आणि भरपूर लसूण यांचे दाट कालवण, आणि बरोबर पाव. येथे या घरातल्या एका नियमाची ओळख करून दिली पाहिजे. या घरात एक शब्द उच्चारायचा नसे. तो शब्द म्हणजे 'करपलं'. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी कालवणाचा घास घेऊन "जरा करपलंय वाटतं" असे म्हटले होते. त्यानंतर आठवडाभर त्यांना दोन्ही वेळा उकडलेली अंडी मिळाली, आणि अंड्यांबरोबर एक शब्दही मिळाला नाही. शहाण्याला एक ठेच पुरते. पुढच्या वेळी कालवण समोर येताच ते म्हणाले, "वा! आज काय खरपूस झालंय!" घरात शांतता परतली, आणि तेव्हापासून कालवण रोज खरपूस होऊ लागले.

जावईबापूंनाही हा नियम पहिल्याच जेवणात समजला. घास तोंडात घालून ते म्हणाले होते, "हे जरा कर..." आणि टेबलाखालून धाकटीची लाथ त्यांच्या नडगीवर बसली. "...करायला फार कठीण असणार," असे त्यांनी वाक्य पुरे केले. सासूबाई प्रसन्न झाल्या होत्या.

कालवण तळाला का लागते, याविषयी घरात एकमत होते. ते चुलीवर चढले की मागच्या कुंपणापाशी पलीकडची मावशी कपडे वाळत घालायला येई. कुंपणावर एक अंजिराचे झाड होते. खोड मावशीच्या अंगणात, फांद्या इकडे. फळे असली की ती कुणाची यावरून, आणि फळे नसली की पाला कुणी झाडायचा यावरून दोघींचे रोज वाजे. भांडणाच्या भरात सासूबाईंना चुलीची आठवण राहत नाही, असे सासऱ्यांनी मुलीला सांगितले होते आणि मुलीने नवऱ्याला. सासूबाईंना मात्र कुणीच काही सांगितले नव्हते. हळूहळू तो लागलेला वास कुणाला येईनासाच झाला. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज येत नाही, तसे.

बाटलीच्या मागच्या लेबलावर एकच ओळ भरायची राहिली होती : 'कशाबरोबर प्यावी'. जावईबापूंनी लिहून ठेवले होते, "भाजलेली वांगी, मसूर, मशरूम, जुने चीज, निखाऱ्यावर भाजलेले मटण." सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाचले.

"म्हणजे घरात जे असेल त्याबरोबर."

"नाही बाबा. ही वाइन आपल्या कालवणाबरोबर तर इतकी जमते की, शेफसाहेबांना तेच वाढायचं मी ठरवलंय."

ही बातमी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी पदर खोचला. आदल्या संध्याकाळीच त्यांनी कुंपणापाशी जाऊन मावशीला बजावले, "उद्या येऊ नकोस गं. उद्या माझ्याकडे मोठा शेफ जेवायला आहे. मला वेळ नाही."

शेफ आला तो काडीसारखा बारीक माणूस होता. बारीक आचारी पाहिला की सासूबाईंना संशय येई. "स्वतःच्या हातचं खात नाही वाटतं," त्या लेकीच्या कानात म्हणाल्या. त्याने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा काढला, टेबलावर सरळ रेषेत ठेवला आणि तो जेवायला बसला. बोलण्यात तो अतिशय सभ्य होता, आणि सभ्य माणसाकडून नकार ऐकणे अधिक जड जाते, हे जावईबापूंना ठाऊक होते.

आधी नुसती वाइन झाली. शेफने प्याला उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला. "तरुण आहे," तो म्हणाला. "अंगात जोर आहे. जेवणाबरोबर शांत होत असेल."

"होते ना," जावईबापू घाईने म्हणाले. "कालवणाबरोबर अगदी मांजरीसारखी होते."

कालवण आले. लालभडक, चकचकीत, वर तेलाची सोनेरी कड. शेफने आपला चमचा बुडवला, घास घेतला आणि डोळे मिटले. "उत्तम," तो म्हणाला. "खरंच उत्तम. मसूर अखंड आहे आणि तरीही मऊ." मग त्याने वाइनचा घोट घेतला, आणि त्याचे मिटलेले डोळे उघडले.

जावईबापूंनीही घास घेऊन घोट घेतला. फाटकाची गंजकी कडी चाटल्यासारखे वाटले. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले. सासरे छताकडे पाहत होते. धाकटीने प्याला हळूच पाण्याच्या तांब्यामागे सरकवला.

"चीज घेऊन पाहू," जावईबापू म्हणाले. चीजबरोबर वाइन आरडाओरडा करू लागली. मशरूमबरोबर ती रुसली. मटणाने थोडी बाजू सावरली, पण शेफने दुसरा घोट मागितला नाही, आणि मागितला नाही हे सगळ्यांनी पाहिले.

"वाइन वाईट नाही," शेफ फार विचार करून म्हणाला. "वाईट नाहीच. पण ती कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी वाटते. आणि जिची ती वाट बघतेय ती वस्तू काही या टेबलावर नाही."

सासऱ्यांनी पाव मोडला. तो मोडताना त्यांनी जावयाकडे पाहिले नाही, आणि त्यांच्या त्या न पाहण्यात निळे यंत्र उतारावर चढताना जावईबापूंना स्पष्ट दिसले. बदकेही दिसली, तोंडे पाडून एका ओळीत निघालेली.

"शेफसाहेब, एक विनंती आहे," ते उठत म्हणाले. "कालवण अजून एकदा घेतल्याशिवाय मत देऊ नका. मी गरम करून आणतो."

स्वयंपाकघरात सासूबाई चुलीसमोर पळी घेऊन पहाऱ्यावर उभ्या होत्या. भांड्याखाली आच अगदी मंद, वातीएवढी.

"काय म्हणाला काडीपैलवान?"

"उत्तम म्हणाले. फार उत्तम."

"मग तुमचं तोंड असं का झालंय? उत्तम म्हटल्यावर रडायची तुमच्या घरी रीत आहे का?"

जावईबापूंनी भांड्यात डोकावले, बोटाने चव घेतली, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या कालवणाची ही चव त्यांनी आजवर कधी घेतलीच नव्हती. मसूर गोड होता, टोमॅटो गोड होता, लसूण लोण्यासारखी होती. आणि करपलेल्याचा मागमूस नव्हता! हिवाळाभर त्यांनी ज्याच्याबरोबर वाइन जमवली ते हे कालवण नव्हतेच. तळाचा तो काळसर कडवटपणा काबर्नेचा करकरीतपणा गिळून टाकत होता, म्हणून तर ते आणखी, आणखी काबर्ने घालत गेले. भल्याभल्या जाणकारांच्या तोंडचे पाणी पळवील अशी वाइन त्यांनी जगातल्या एकाच भांड्याच्या बुडाशी जुळवून ठेवली होती, आणि ते बूड आज चकचकीत होते.

"आई," ते म्हणाले, "आज तुम्ही बाहेर नाही गेलात?"

"पाहुणे असताना? मी काय खुळी आहे? सकाळपासून इथून हलले नाही. ढवळून ढवळून हात दुखतोय."

सांगणे सोपे होते : आई, रोज करपतं, आजही करपवा. पण तीस वर्षे कुणी न उच्चारलेला शब्द घरजावयाने उच्चारायचा, तोही पाहुणा टेबलावर बसलेला असताना! आठवडाभराच्या उकडलेल्या अंड्यांचे काय, ती त्यांनी आनंदाने खाल्ली असती. पण सकाळपासून ढवळून दुखणाऱ्या त्या हाताकडे पाहून त्यांची जीभ उचलेना. भित्रा माणूस अशा वेळी आडवाट शोधतो. जावईबापू मागच्या दाराने निघाले आणि तडक कुंपण गाठले.

मावशी टॉवेल झटकत होती.

"मावशी, एक मदत हवी होती. जरा इकडे येऊन आईंशी भांडाल का?"

"आज? पाहुणे आलेत ना तुमच्याकडे?"

"आलेत. म्हणूनच."

मावशीने टॉवेल दोरीवर नीट सारखा केला. "हे बघा बापू, मलाही काही रीतभात आहे. पाहुण्यांच्या कानावर जाईल असं मी तिला वाकडं बोलणार नाही. काल ती मुद्दाम सांगून गेली, येऊ नकोस म्हणून. माणूस मानानं सांगतो, आपण मानानं ऐकावं."

"थोडंसंच. कालवण होईपर्यंत."

"आणि विषय काय घेऊ? अंजिरं केव्हाच संपली. पाल्यावरून परवा झालं."

"फांदी?"

"फांदीत आता काही राहिलं नाही." मावशीने मान हलवली. "आणि मनापासून राग आल्याशिवाय मला जमत नाही बापू. नाटकं करणारी बाई नव्हे मी."

जावईबापूंनी घसा साफ केला. पुढचे वाक्य खोटे नव्हते, एवढाच त्यांना आधार होता. "आई म्हणत होत्या, तुमच्या पुदिन्याला वास येत नाही."

टॉवेल दोरीवरून खाली पडला.

"कुणाच्या पुदिन्याला?"

"तुमच्या."

"ती म्हणाली?" मावशीने बाह्या वर सारल्या. "बोलवा तिला! नाही, तुम्ही नका बोलवू. मीच बोलावते."

तिची हाक अशी होती की, जेवणघरातल्या काचेच्या प्याल्यांनीही ती ऐकली. सासूबाईंनी क्षणभर पळीकडे पाहिले, क्षणभर दाराकडे. मग पळी भांड्यावर आडवी ठेवून त्या बाहेर पडल्या. जावईबापू दुसऱ्या बाजूने आत शिरले आणि त्यांनी चुलीची आच पुरती मोठी केली.

बाहेरून आवाज येऊ लागले.

"वास येत नाही? तुझ्या नाकाला जन्माची सर्दी झालीय!"

"नाक शाबूत आहे म्हणून तर कळलं! गवत लावलंस गवत, आणि वर त्याला पाणी घालतेस!"

"काही झालं का?" जेवणघरातून शेफचा सभ्य आवाज आला.

"छे," सासऱ्यांचा आवाज आला. "रोजचंच आहे. तुम्ही मटण घ्या."

अन्न लागताना नुसते उभे राहून पाहणे ही शिकलेल्या माणसाला फार मोठी शिक्षा आहे. भांडे आधी खदखदले, मग फुटफुटले, मग तळातून बारीक चरचर ऐकू आली. जावईबापूंचा हात तीनदा पळीकडे गेला आणि तीनदा त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे आणला. आणि मग तो वास आला. धुरकट, कडवट, थोडा जळक्या साखरेसारखा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांना वेगळा जाणवला, आणि त्यांच्या लक्षात आले की हाच या घराचा वास आहे. त्यांनी आच बंद केली, तळापासून एकदाच खरवडले आणि वाडगा भरला.

शेफने चमचा रुमालाला पुसला, घास घेतला आणि थबकला. मग त्याने प्याला उचलला. त्याने घोट गिळला, दुसरा घास घेतला, दुसरा घोट घेतला, आणि मग त्या सभ्य माणसाने पावाचा तुकडा मोडून वाडगा पुसून काढायला सुरुवात केली. धाकटीने तांब्यामागचा प्याला पुन्हा पुढे घेतला.

"ही आली," शेफ म्हणाला. "हीच. जिची वाइन वाट बघत होती ती ही." त्याने बोट कालवणाकडे रोखले. "यात काय घातलंय? मला कळलंच पाहिजे. माझ्या स्वयंपाकघरात हे करता आलं तर ही वाइन मी घेतो. नाही करता आलं तर घेऊन उपयोग काय?"

नेमक्या त्याच वेळी सासूबाई विजयी चेहऱ्याने आत आल्या. त्यांच्यामागून मावशीही आली होती, कारण तिचे शेवटचे वाक्य अजून व्हायचे होते.

"काय घातलंय म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "आधीचंच आहे ते. वेगळं काही नाही."

"नाही बाई. आधीचं सुंदर होतं. हे निराळं आहे."

सासूबाईंनी वास घेतला. त्यांची मान हळूहळू वळली आणि नजर जावयावर येऊन थांबली. सासऱ्यांनी पुन्हा छत गाठले. धाकटीचा पाय टेबलाखालून सवयीने निघाला आणि नडगीवर बसलाही, पण जावईबापू उभे राहिले होते.

"करपलंय, आई," ते म्हणाले.

धाकटीने पाय मागे घेतला.

"मी आच मोठी केली. तुम्ही बाहेर गेल्यावर. मावशींनाही मीच बोलावलं. आणि..." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि आजच नाही. रोजच करपतं. आम्ही कुणी बोलत नाही. वाइनही मी करपलेल्याबरोबरच जमवली, मला पत्ताच नव्हता. चूक माझी आहे. तुमचं आजचं कालवण फार चांगलं होतं. मी आजवर इतकं चांगलं खाल्लं नव्हतं."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदराने कपाळ पुसले. मग त्या जावयाशी नव्हे, नवऱ्याशी बोलल्या.

"अहो, इकडे बघा. छतावर काय लिहिलंय? तुम्हाला खरपूस आवडतं ना?"

सासऱ्यांनी छतावरून नजर खाली आणली. "म्हणजे... आवडतं तसं..."

"आवडतं की नाही?"

"नाही," सासरे अगदी लहान आवाजात म्हणाले. "तेव्हा तू आठवडाभर बोलली नाहीस, म्हणून मी आपलं म्हणालो."

"आणि तुम्ही 'वा, काय खरपूस' म्हणालात, म्हणून मी तेव्हापासून रोज मुद्दाम लावतेय!" सासूबाईंचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी चुकून लागलं होतं. तुम्ही नाव ठेवलंत, मला राग आला. पण नंतर तुम्ही तोंड भरून वाखाणलंत. मला वाटलं, माणसाची आवड असते एकेकाची! वांगी करपवताना जिवावर यायचं माझ्या. मला स्वतःला करपलेल्याचा वाससुद्धा सहन होत नाही. माझा वाडगा मी आधीच काढून ठेवते."

सर्वांना एकाच वेळी तो पांढरा वाडगा आठवला.

"पण आई, तू तर कुंपणाशी भांडत असायचीस म्हणून..." धाकटी म्हणाली.

"भांडणामुळे लागत नाही गं, लागायचं असतं म्हणून भांडायला जाते! चुलीपाशी उभी राहिले की हात ढवळायला शिवशिवतात. लागेपर्यंत वेळ कसा काढायचा? म्हणून आच मोठी करायची आणि हिच्याकडे जायचं."

दारातून मावशी एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा पडला होता. "म्हणजे तू नुसता वेळ काढत होतीस? आणि मी इतकी वर्षं मनापासून भांडले!"

"मीसुद्धा मनापासूनच भांडत होते," सासूबाई घाईने म्हणाल्या. "अंजिरं माझीच आहेत. ते वेगळं."

मावशीला जरा बरे वाटले. तिने खुर्ची ओढून घेतली. कुणीतरी तिच्यापुढे प्याला ठेवला आणि तिने त्याला नाही म्हटले नाही.

शेफने एवढ्या वेळात दुसरा वाडगाही संपवला होता. "बाई," तो अदबीने म्हणाला, "माझ्या माणसांना हे शिकवायला याल? किती लागू द्यायचं ते नेमकं?"

"त्यात शिकवायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "आच मोठी करायची आणि कुणाशीतरी भांडायला जायचं. भांडण रंगात आलं की परत यायचं. जिंकायला थांबलात तर कोळसा होतो."

शेफने गंभीरपणे मान डोलावली. "माझ्या स्वयंपाकघरात माणसं पुष्कळ आहेत. ते जमेल." मग तो जावईबापूंकडे वळला. "वाइन मी घेतो. पण लेबलावर मशरूम आणि चीज लिहू नका. लोक विश्वास ठेवतात."

शेफची गाडी वळणाआड गेली तरी सासरे फाटकाशी उभे होते. जावईबापू शेजारी येऊन थांबले. समोर उतार होता आणि उतारावर तण होते. बदके तणातून एका ओळीत कोबीकडे निघाली होती.

"ते निळं यंत्र," सासरे म्हणाले, "त्याची टाकी कापली तर बदकांना पाण्याला होईल का?"

"आधी खूप धुवावी लागेल, बाबा."

"धुऊ की. मीच धुतो. माझीच आहे ती." मग ते म्हणाले, "आजचं पहिलं कालवण काय होतं हो, जावईबापू! तीस वर्षं फुकट गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर दोन भांडी आली. "हे चांगलं आणि हे करपलेलं," सासूबाईंनी जाहीर केले. आता त्या शब्दाला घरात कुणी दचकत नव्हते. "ज्याला जे हवं ते घ्या, आणि यापुढे जे काय असेल ते तोंडानं बोला."

सासऱ्यांनी हक्काने चांगले वाढून घेतले. दोन घास खाऊन त्यांनी तृप्तीने मान हलवली आणि पेल्यातल्या जावयाच्या वाइनचा घोट घेतला. त्यांचे तोंड गंजकी कडी चाटल्यासारखे झाले. त्यांनी पाव खाल्ला, पाणी प्यायले, इकडेतिकडे पाहिले. मग कुणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी दुसऱ्या भांड्यात पळी घातली. ती तळाला टेकली. भांडे रिकामे होते. धाकटी आणि जावईबापू लेबलावरची ओळ ठरवता ठरवता ते संपवून बसले होते.

"अगं," सासरे खाकरून म्हणाले, "थोडं खरपूस उरलंय का?"

"करपलेलं म्हणा."

"करपलेलं."

"नाही उरलं. चढवते परत."

एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "आज पाला कोण झाडणार आहे गं?" सासूबाईंनी भांडे चुलीवर ठेवले, आच मोठी केली आणि बाह्या सारत मागच्या दाराने बाहेर पडल्या.